यादीत न येणारं औषध: काचबिंदूचे ड्रॉप्स कसे वापरायचे

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात कुणी नवीन चिठ्ठी घेऊन आलं की मी विचारतो, "आधीपासून काय काय चालू आहे?" लोक बोटांवर मोजत सांगतात. बीपीची गोळी, शुगरची सकाळ-संध्याकाळ, थायरॉईड, कोलेस्टेरॉलची रात्रीची, हाडांसाठी कॅल्शियम. काही जण च्यवनप्राशसुद्धा सांगतात. रोज रात्री डोळ्यांत ड्रॉप पडतोय हे मात्र सांगत नाहीत. मीच आठवण केली तर उत्तर येतं, "अहो, ते कुठे औषध आहे, डोळ्याचे ड्रॉप्स आहेत ते."

काचबिंदूच्या ड्रॉप्सच्या बाबतीत जे काही चुकतं, त्यातलं बरंचसं या एका समजुतीतून चुकतं. ड्रॉप कसाही टाकला, कधीही टाकला, शेजारच्यांचा टाकला, संपल्यावर चार दिवस नाही टाकला, तरी काय होणार आहे, असं वाटतं. गोळीच्या बाबतीत आपण असं वागत नाही.

आधी आजाराबद्दल थोडं. काचबिंदू आणि मोतीबिंदू हे दोन वेगळे आजार. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून नवीन भिंग बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होत जाते. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात आणि गेलेला तंतू परत येत नाही. आजवरचं कुठलंही औषध, लेझर किंवा ऑपरेशन गेलेली नजर परत आणू शकलेलं नाही.

दुसरा गोंधळ प्रेशरचा. "माझं प्रेशर एकदम नॉर्मल आहे, 120-80, मग डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशरचं औषध कशाला दिलं?" हा प्रश्न मला कितीदा तरी विचारला गेला आहे. बीपी वेगळं, डोळ्यातला दाब वेगळा. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, हे आतल्या आत फिरणारं पाणी. मिनिटाला साधारण 2 ते 3 मायक्रोलिटर इतकं ते बनतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतं. मोरीत नळ चालू आहे आणि जाळीत केस अडकलेत अशी कल्पना करा. पाणी तुंबतं आणि दाब वाढतो. बहुतेकांचा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा या दरम्यान असतो. पण 21 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. एखाद्याची नस 16 वर खराब होत राहते, एखाद्याची 25 वरही वर्षानुवर्षं टिकते. म्हणून डॉक्टर प्रत्येकासाठी वेगळा आकडा ठरवतात. तो आकडा विचारून घ्या आणि फाइलवर लिहून ठेवा. स्वतःच्या शुगरचा आकडा तोंडपाठ असलेल्या माणसाला डोळ्याचा आकडा माहीत नसतो, हे मला खटकतं.

या आजाराची अडचण अशी की तो कळत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असंच वाटतं. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. मग ड्रॉप सुरू होतात आणि महिन्याभराने तक्रार येते: "टाकतोय रोज, पण दिसण्यात काहीच फरक नाही." फरक पडायचा नसतोच. ते औषध उरलेली नजर राखायला दिलेलं असतं.

उपयोग खरंच होतो का? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्याचा दाब जास्त, पण नस अजून शाबूत, अशा लोकांचे दोन गट केले होते. ड्रॉप्स न दिलेल्यांपैकी पाच वर्षांत 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, ड्रॉप्स दिलेल्यांपैकी 4.4 टक्के लोकांना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला. याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहा: औषध न घेताही बहुतेकांना त्या पाच वर्षांत काही झालं नाही. म्हणून नुसता दाब थोडा जास्त आहे एवढ्यावर प्रत्येकाला ड्रॉप लागतोच असं नाही. नस कशी आहे, बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती जाड आहे, वय किती, घरात कुणाला काचबिंदू आहे का, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. पण एकदा "सुरू करा" म्हटलं की सुरू.

बाटलीत नेमकं काय असतं

औषधांची नावं अवघड असली तरी कामं दोनच. एक तर पाणी कमी बनवायचं, नाहीतर बाहेर जायची वाट मोकळी करायची.

लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट ही वाट मोकळी करणारी. दिवसातून एकदा, बहुधा रात्री. सुरुवातीला डोळे लाल होतात, पुढे ते बरंच कमी होतं. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. पापणीच्या कातडीवर काळपटपणा येऊ शकतो. एकाच डोळ्यात ड्रॉप असेल तर दोन डोळ्यांतला फरक दिसून येतो. यांच्याबद्दल एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: ही औषधं दिवसातून दोनदा टाकली तर परिणाम वाढण्याऐवजी कमी होऊ शकतो. "जास्त टाकलं म्हणजे लवकर बरं" हा हिशेब इथे उलटा पडतो.

डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड पाणी कमी बनवतात. टाकल्यावर तोंड कडू होतं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगायला हवं. ब्रिन्झोलामाइडची बाटली हलवून घ्यावी लागते, औषध तळाशी बसतं. ब्रिमोनिडाइन दोन्ही कामं करतं; त्याने तोंड कोरडं पडतं, काहींना झोप येते, आणि काहींना कित्येक महिन्यांनी अचानक ॲलर्जी होऊन डोळे लालभडक होतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोळ्यात ते कधीच टाकायचं नाही, आणि नातवंडांच्या हाताला बाटली लागू द्यायची नाही. लहान मुलाच्या पोटात गेलं तर ते गुंगीत जाऊन श्वास मंदावू शकतो. अलीकडे नेटारसुडिलही आलं आहे, त्याने डोळे लाल होण्याचं प्रमाण जास्त.

उरलं टिमोलॉल. यावर जरा थांबतो, कारण ड्रॉप हे पूर्ण औषध असतं हे यावरून सगळ्यात नीट कळतं. 1978 पासून अमेरिकेत ते डोळ्यासाठी वापरात आहे. स्वस्त आहे, चांगलं काम करतं. पण ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या देतात त्याच कुळातलं. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला एक बारीक छिद्र असतं, तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. रडल्यावर नाक वाहतं ते त्यामुळेच. थेंबही त्याच वाटेने नाकात जातो, तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात शिरतो. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा काही भाग निकामी होतो. थेंबाला ही चाळणी लागत नाही. म्हणून अर्धा टक्का टिमोलॉलचा एक थेंब, ज्यात औषध जेमतेम पाव मिलिग्रॅम असतं, तोही नाडी मंद करू शकतो आणि दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकतो.

दम्याचा पंप वापरणाऱ्याने टिमोलॉल घ्यायचं नसतं. नाडी मुळात मंद असलेल्यांनी, हृदयात ब्लॉक असलेल्यांनीही नाही. आणि मधुमेह असेल तर शुगर एकदम उतरताना जी छातीत धडधड होऊन सावध करते, ती धडधड या औषधाने झाकली जाऊ शकते. आता असं समजा की डोळ्याचे डॉक्टर राम मारुती रोडला, छातीचे डॉक्टर घोडबंदरला, आणि दोघांच्या फाइली वेगळ्या पिशव्यांत. दम वाढला म्हणून छातीचे डॉक्टर पंपाचा डोस वाढवतात, कारण ड्रॉप्सचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डोळ्याच्या डॉक्टरांना दमा माहीत नसतो, कारण डोळे तपासायला आलेला माणूस दम्याबद्दल कशाला बोलेल?

टिमोलॉल एकटं असतंच असं नाही. दोन औषधं एकाच बाटलीत असतात आणि आपल्याकडे ब्रँडच्या नावामागे 'टी' किंवा 'प्लस' लागलेलं असलं तर बऱ्याचदा त्यात टिमोलॉल असतं. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला वाचायला लावा, ते आमचं कामच आहे. कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ड्रॉप्सचं नाव सांगा.

एक थेंब, पण नीट

हात धुवा. बाटलीवरचं नाव वाचा. झाकणाच्या रंगावर विसंबू नका. कानाच्या ड्रॉप्सची बाटली आणि डोळ्याची बाटली अंधारात सारखीच लागते, आणि फेव्हिक्विकसारख्या गोंदाची ट्यूबही त्याच खणात ठेवणारी घरं मला माहीत आहेत. खण वेगळा करा.

मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून छोटा खिसा करा, वर बघा, आणि त्या खिशात एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागता कामा नये. मग डोळा हलकेच मिटा. गच्च आवळायचा नाही, उघडझाप करायची नाही, त्याने औषध बाहेर फेकलं जातं. डोळा मिटलेला असताना नाकाजवळचा तो कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. नाकात उतरायची वाट तेवढा वेळ बंद होते, औषध डोळ्यात जास्त राहतं आणि रक्तात कमी जातं. या दोन मिनिटांना एक पैसा लागत नाही, तरी ती जवळजवळ कुणी पाळत नाही. शेवटी गालावर, पापणीवर आलेलं औषध पुसून टाका. पापणी काळवंडणं त्याने कमी होतं.

हात थरथरत असेल तर आडवं होऊन टाका, मनगट कपाळावर टेकवा. तेही जमत नसेल तर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडा, आत ओघळतो. पडला की नाही कळत नसेल तर एक युक्ती: फ्रीजमध्ये ठेवायला चालत असलेली बाटली असेल तर गार थेंब लगेच जाणवतो. पडला नाही अशी खात्री असेल तर पुन्हा टाका, हरकत नाही.

पण एकच. एका थेंबात 30 ते 50 मायक्रोलिटर औषध असतं आणि डोळ्यात मावतं जेमतेम 30. दुसरा थेंब गालावर जातो किंवा नाकात. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम किंवा जेल असेल तर सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ड्रॉप टाका, पंधरा मिनिटांनी परत घाला.

बाटलीचा हिशेब काउंटरच्या या बाजूने फार बोलका असतो. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत ढोबळमानाने 80 थेंब धरा. दोन डोळे, रात्री एकेक थेंब, म्हणजे महिना आरामात निघतो. बाटली पंधरा दिवसांत संपली तर अर्धं औषध गालावर चाललंय. तीन महिने पुरली तर त्याचा अर्थ उघड आहे, आणि मी तो काकूंच्या तोंडावर बोलून दाखवत नाही, फक्त विचारतो, "रोज जमतंय ना?" तपासणीच्या आधीच्या आठवड्यात नियमित टाकणारे तर कितीतरी. त्या दिवशी दाब छान येतो, डॉक्टर तेच औषध चालू ठेवतात, आणि मधल्या महिन्यांत नस झिजत राहते. ड्रॉप चुकत असतील तर तसं स्पष्ट सांगा. डॉक्टर एकवेळचं औषध देऊ शकतात, दोन बाटल्यांची एक करू शकतात. खर्च हे कारण असेल तर तेही सांगा. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण काचबिंदूचे काही ड्रॉप्स जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळतात.

नवी बाटली उघडताना सेफ्टी पिन वापरू नका. पुष्कळ बाटल्यांच्या झाकणातच आत टोक असतं; झाकण पूर्ण आवळलं की भोक पडतं. सुईने पाडलेलं भोक मोठं होतं, थेंब मोठा पडतो, आणि सुईवरचे जंतू आत जातात ते वेगळेच. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. बहुतेक ड्रॉप्स उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, आत औषध शिल्लक असलं तरी. खोक्यावरची एक्स्पायरी ही बंद बाटलीची असते.

लॅटानोप्रॉस्टच्या पुष्कळ ब्रँडच्या बंद बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात, काही नव्या प्रकारांना ते लागत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. मे महिन्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच नको. गणपतीला कोकणात जाताना बाटली घरी राहते हा दरवर्षीचा अनुभव; निघण्याच्या आदल्या दिवशी एक जास्तीची घेऊन ठेवा. गावात तोच ड्रॉप मिळेल याचा भरवसा नसतो. रात्रीची गाडी असेल तर ड्रॉप घरून निघतानाच टाका.

विसरलात तर आठवेल तेव्हा टाका. पुढच्या ड्रॉपची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नको. चतुर्थी असो, एकादशी असो, नवरात्र असो, उपवासात ड्रॉप चुकवू नका. काचबिंदूला उपवास नसतो.

ड्रॉप्सनेच दाब वाढतो तेव्हा

हा भाग लिहिताना माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलावं लागतंय. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती. तेव्हा किती जणांनी काउंटरवर "डोळे आलेत, काहीतरी द्या" म्हणून ड्रॉप नेले असतील! त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन किंवा तसं दुसरं स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो, बाटली कपाटात राहते. पुढच्या वेळी धूळ गेली, खाज आली, की तीच बाटली.

स्टेरॉइडचे ड्रॉप काही आठवडे सलग टाकले तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो, काही थोड्यांचा फारच वाढतो. दुखत नाही, कळत नाही. डोळे चोळणाऱ्या, सतत खाज येणाऱ्या ॲलर्जीच्या शाळकरी मुलांना महिनोन्‌महिने हे ड्रॉप परस्पर टाकले जातात आणि त्यातली काही कोवळ्या वयात नजर गमावून बसतात. स्टेरॉइड वाईट औषध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते लागतंच, पण ते मोजून, उतरत्या क्रमाने आणि ठरलेल्या दिवशी बंद करायचं असतं. चिठ्ठीशिवाय ते देणं कायद्यात बसत नाही, आणि जो मेडिकलवाला देतो तो तुमच्यावर उपकार करत नाही. काचबिंदू असेल किंवा आईवडील, भावंडांपैकी कुणाला असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्या, पंप, डोळ्याजवळ लावायचं मलम, सगळ्याबद्दल डॉक्टरांना सांगा. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यात घालू नका.

जाता जाता दोन सवयी. सकाळी उठल्या उठल्या लिटरभर पाणी एका दमात पिण्याने डोळ्याचा दाब काही काळ वाढतो; तेच पाणी सावकाश प्या. शीर्षासनात तर तो जवळपास दुप्पट होतो, तेव्हा योगवर्गात आधीच सांगून ठेवा. बाकी चालणं, तलावपाळीला फेऱ्या मारणं हवं तेवढं करा.

एक प्रकार मात्र थांबण्यासारखा नाही. डोळा एकाएकी ठणकतो, लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, डोकं फुटतं, उलट्या होतात. पुष्कळ घरांत ही ॲसिडिटी किंवा अर्धशिशी समजून रात्र काढतात. पाणी जायची वाट अचानक पूर्ण बंद झाली की असं होतं आणि काही तासांतच नजर धोक्यात येते. ड्रॉपची वाट न बघता, सकाळ होऊ न देता, डोळ्यांचा विभाग असलेल्या कुठल्याही रुग्णालयात जा. ज्यांच्या डोळ्यातली ही वाट मुळात अरुंद आहे त्यांना सर्दीच्या आणि पोटातल्या मुरड्याच्या काही गोळ्यांनीही हा झटका येऊ शकतो. आपली वाट अरुंद आहे का, हे तपासणीच्या वेळी विचारून ठेवा.

आणि ज्यांना ड्रॉप्सचा अगदीच कंटाळा आलाय त्यांच्यासाठी: वाट उघडी असलेल्या काचबिंदूत एसएलटी नावाचं लेझर असतं, काही मिनिटांचं, भरती न होता. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीलाच हे लेझर केलेल्या रुग्णांपैकी सुमारे 74 टक्के रुग्णांच्या डोळ्यांचा दाब तीन वर्षांनीही ड्रॉप्सशिवाय हवा तेवढा राहिला होता. आपल्याला ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. फक्त लेझर झाल्याच्या रात्री बाटल्या कचऱ्यात टाकू नका. दाब उतरायला काही आठवडे लागतात, आणि कुठला ड्रॉप कधी बंद करायचा ते डॉक्टर दाब मोजून सांगतात.